तरुण मांजराला हृदयविकार निघाल्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा बोका उंडो दोन वर्षांचा असताना त्याला नसबंदीसाठी नेले होते. तपासताना डॉक्टरांनी स्टेथोस्कोप त्याच्या छातीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला, दोनदा जागा बदलली आणि "आज शस्त्रक्रिया नको, आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या," असे सांगितले. परतीच्या वाटेवर टोपलीत बसून तो नेहमीसारखाच ओरडत होता. या प्राण्याला काही झाले आहे असे कुणाला वाटलेही नसते. त्या गोष्टीला आता तीन वर्षे झाली. या काळात आम्हाला जे शिकावे लागले आणि गोव्यातल्या फोंडा, डिचोलीकडच्या ओळखीच्या मांजरवाल्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे औषधाचे प्रमाण ठरवण्यासाठी या मजकुराचा आधार घेऊ नये.

अहवालात "हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी" असे लिहिले आहे. म्हणजे नेमके काय झाले आहे?

हृदयाच्या डाव्या बाजूचा खालचा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, सगळ्या शरीराला रक्त पुरवते. या आजारात तिच्या भिंतीचा स्नायू जाड आणि ताठ होतो. आकुंचन पावण्याची ताकद बहुधा शाबूत असते. अडचण येते ती सैल पडून रक्त भरून घेण्यात. जवनिका नीट भरली नाही की मागच्या कप्प्यात, म्हणजे डाव्या कर्णिकेत, दाब वाढतो आणि ती फुगत जाते. हा दाब आणखी मागे फुफ्फुसांपर्यंत पोहोचला की तेथे किंवा फुफ्फुसांभोवती पाणी साचते. फुगलेल्या कर्णिकेत रक्त रेंगाळते, आणि रेंगाळलेल्या रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. पुढे ज्या दोन संकटांची भीती असते ती अशी एकाच मुळातून येतात. म्हणूनच अहवाल हातात आल्यावर भिंतीच्या जाडीइतकेच, किंबहुना थोडे अधिक, लक्ष डाव्या कर्णिकेच्या आकाराकडे द्यावे.

मांजरांमध्ये आढळणारा हा सर्वांत सामान्य हृदयविकार आहे. वरकरणी निरोगी दिसणाऱ्या मांजरांची तपासणी केली असता साधारण सातांपैकी एकात तो आढळतो.

इतक्या लहान वयात हे कसे झाले? आमच्या हातून काही चुकले का?

बहुतेक वेळा नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्याचा आवाज दर वेळी तसाच असतो. मेन कून जातीच्या मांजरांत या आजाराशी जोडलेला जनुकीय बदल २००५ साली सापडला आणि रॅगडॉल जातीतला २००७ साली. स्फिंक्स, ब्रिटिश शॉर्टहेअर आणि पर्शियन यांच्यातही हा आजार अधिक दिसतो. मात्र आजारी मांजरांतली मोठी संख्या कोणत्याही जातीचा शिक्का नसलेल्या साध्या घरगुती मांजरांची असते. उंडो तर कौलांवर जन्मलेला अस्सल गावठी बोका. सहा महिन्यांच्या पिल्लातही आजार दिसू शकतो, तसाच तो दहाव्या वर्षीही पहिल्यांदा सापडू शकतो. बोक्यांमध्ये तो भाट्यांपेक्षा अधिक आढळतो.

तरुण मांजराच्या बाबतीत आणखी एक शक्यता डॉक्टरांना आवर्जून विचारावी. भूल, अपघात, शस्त्रक्रिया किंवा मोठा ताण यांच्यानंतर काही मांजरांच्या हृदयाची भिंत तात्पुरती जाड होते, कधी फुफ्फुसांत पाणीही साचते, आणि काही महिन्यांत हृदय पूर्ववत होते. अशी मांजरे बहुतेक तरुण असतात. सुरुवातीला हा प्रकार खऱ्या आजारासारखाच दिसतो आणि फरक पुढच्या इकोमध्येच कळतो. त्यामुळे नुकताच असा काही प्रसंग घडला असेल तर तो तारखेसह सांगावा.

मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबतचा जादा आवाज, ऐकू आला म्हणजे आजार नक्कीच आहे का?

नाही. पुष्कळ मांजरांत दवाखान्याच्या धास्तीने हृदय जोरात चालते आणि तेवढ्यापुरता निरुपद्रवी मर्मर उमटतो. कधी जन्मजात दोष असतो, उदाहरणार्थ दोन जवनिकांमधल्या पडद्याला छिद्र. आणि याच्या उलट, हृदय बरेच बिघडलेल्या मांजरातही कधी कधी मर्मर अजिबात नसतो. एक्स-रेमध्ये हृदयाची बाह्य आकृती आणि फुफ्फुसांतले पाणी दिसते, पण भिंतीची जाडी कळत नाही. "एनटी-प्रोबीएनपी" ही रक्तचाचणी हृदयावर ताण आहे का एवढे सुचवते.

निदान इकोनेच होते. हृदय सैल पडलेल्या क्षणी भिंत ६ मिलिमीटर किंवा अधिक जाड असेल तर ती जाड धरतात, ५ च्या आत असेल तर सर्वसाधारण, आणि मधली जागा संशयाची. उंडोची ६.८ भरली होती. शरीरातले पाणी कमी झालेल्या मांजराची भिंत खोटी जाड भासू शकते, तर वाढलेला रक्तदाब ती खरोखरच जाड करतो. म्हणून अनुभवी डॉक्टर रक्तदाब मोजल्याशिवाय शेवटचा शब्द बोलत नाहीत. गोव्यात मांजरांचा इको नियमित करणारे हात मोजके आहेत, आणि काही जणांना त्यासाठी बेळगाव किंवा मुंबई गाठावी लागते. चोर्ला घाटातल्या वळणांवर टोपलीवर चादर टाकून, मांजराला उपाशी न ठेवता आणि घाई न करता हा प्रवास करता येतो. आम्ही तो दोनदा केला आहे.

"बी-१", "बी-२", "सी" हे काय असते?

हे आजाराचे टप्पे आहेत. पशुवैद्यक तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार "ए" म्हणजे जातीमुळे धोका आहे पण आजार नाही. "बी-१" मध्ये भिंत जाड असते, पण कर्णिका फुगलेली नसते किंवा थोडीच फुगलेली असते. "बी-२" मध्ये कर्णिका बरीच फुगलेली असते आणि धोका वाढलेला असतो, तरी बाहेरून लक्षणे नसतात. फुफ्फुसांत पाणी साचले किंवा गुठळी झाली की "सी", आणि औषधांना दाद मिळेनाशी झाली की "डी". अहवालावर टप्पा लिहिलेला नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्यावा, कारण औषधे, भूल आणि पुढच्या इकोची तारीख हे सगळे त्यावरच ठरते.

ते किती दिवस जगेल?

एका मांजरापुरते हे कुणीही सांगू शकत नाही, पण अंदाज बांधण्याइतकी माहिती आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निदानाच्या वेळी लक्षणे नसलेल्या १,००८ आजारी मांजरांची पुढची वर्षे नोंदवली गेली. त्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांना हृदय निकामी होण्याचा किंवा गुठळीचा त्रास झाला. उरलेली सुमारे ७० टक्के त्या दोन्ही संकटांवाचून राहिली. एकदा फुफ्फुसांत पाणी साचले की हिशेब बदलतो: काही मांजरे महिन्यांत जातात, काही औषधांवर दोन-तीन वर्षेही काढतात.

निदान झाले त्या आठवड्यात आमच्या घरी उंडोला कुणी उचलून घेत नव्हते, मोठ्याने बोलत नव्हते, आणि आई त्याच्यासमोर डोळे पुसत होती. तो मात्र त्याच आठवड्यात पायलीएवढा उंदीर घेऊन स्वयंपाकघरात आला.

घरी नेमके काय पाहायचे?

झोपेतला श्वास. या संपूर्ण मजकुरातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

मांजर गाढ झोपलेले असताना छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास धरावा. मोबाइलवर ३० सेकंद लावून मोजावे आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करावी. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक आहे. मांजर घुरघुरत असताना, उन्हात तापून आलेले असताना किंवा स्वप्नात मिशा आणि पंजे हलत असताना मोजू नये, कारण तेव्हाचा आकडा फसवा असतो. पहिले दोन आठवडे रोज मोजल्यावर आपल्या मांजराचा नेहमीचा आकडा कळतो. उंडोचा १८ ते २२ असतो. नंतर आठवड्यातून दोन-तीनदा मोजले तरी चालते. औषधात बदल झाला असेल किंवा पूर्वी पाणी साचलेले असेल तर पुन्हा रोज.

आम्ही हे आकडे कालनिर्णयच्या चौकोनांत पेन्सिलने लिहितो, दुधाच्या हिशेबाच्या खाली. गेल्या वर्षी श्रावणात २०, २१, २० असे चालू असताना एका शनिवारी २८ आला आणि रविवारी ३४. तासाभराने पुन्हा मोजला तेव्हा ३६ होता. त्या दिवशी उंडो जेवला होता, अंगणात फिरून आला होता, आणि पाहणाऱ्याला काहीही वेगळे दिसले नसते. दवाखान्यात एक्स-रे काढला तेव्हा फुफ्फुसांत पाणी दिसायला नुकतीच सुरुवात झाली होती. मांजर आजार लपवते असे सगळेच म्हणतात, पण झोपेतला श्वास त्याला लपवता येत नाही.

आकडा ३० च्या वर गेला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावा, आणि तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. खोकला या आजाराचे लक्षण मानून वाट पाहत बसू नये. कुत्र्यांप्रमाणे मांजरे हृदयामुळे सहसा खोकत नाहीत, आणि खोकणाऱ्या मांजराला दमा असण्याची शक्यता अधिक असते.

कोणती औषधे दिली जातात, आणि ती पोटात घालायची कशी?

"बी-१" मध्ये बहुधा कोणतेही औषध लागत नाही, आणि "काहीतरी टॉनिक तरी द्या" असा आग्रह धरू नये. कर्णिका बरीच फुगली असेल तर गुठळी टाळण्यासाठी क्लोपिडोग्रेल देतात. माणसांची ७५ मिलिग्रॅमची गोळी असते, आणि मांजराला साधारण तिचा चतकोर, म्हणजे १८.७५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा दिला जातो. पाणी साचल्यावर फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी मुख्य. काहींना ॲटेनोलॉल किंवा पिमोबेंडान देतात, पण ते हृदयातून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा आहे की नाही यावर अवलंबून असते. त्यामुळे शेजारच्या मांजराची चिठ्ठी आपल्या मांजराला लागू करू नये. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये लक्षणे नसलेल्या मांजरांसाठी आठवड्यातून एकदा द्यायच्या सिरोलिमसच्या खास गोळीला सशर्त मान्यता मिळाली आहे. ते वाचून फार्मसीतून माणसांचे सिरोलिमस आणण्याचा विचार कुणीही करू नये.

क्लोपिडोग्रेल इतके कडू असते की चतकोर तुकडा जिभेला लागला तर तोंडाला फेस येतो आणि दुसऱ्या दिवसापासून मांजर आपल्याला पाहताच कपाटाखाली जाते. आमचे पहिले चार दिवस असेच गेले. नंतर फार्मसीतून सर्वांत लहान रिकाम्या जिलेटिन कॅप्सूल मागवल्या. तुकडा कॅप्सूलमध्ये घालावा, कॅप्सूलच्या टोकाला किंचित लोणी लावावे, मांजराला भिंतीकडे पाठ करून बसवावे, जिभेच्या मुळाशी कॅप्सूल सोडावी आणि लगेच सिरिंजने थोडे पाणी किंवा चमचाभर पातळ खाणे द्यावे, म्हणजे ती अन्ननलिकेत अडकत नाही. गोळ्या महिन्याभराच्या एकदम कापून ठेवू नयेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या दमट हवेने चार दिवसांत भुसभुशीत होतात. आठवड्यापुरत्याच कापून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवाव्यात.

लघवीची गोळी सुरू झाली की तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. पाण्याचे भांडे कधीही उचलू नये. साधारण एक-दोन आठवड्यांनी मूत्रपिंडाची आणि पोटॅशियमची रक्ततपासणी ठरलेली असते, ती चुकवू नये.

शीत-नुस्ते (भात आणि मासळी) बंद करावे का?

सर्वस्वी नाही, पण बदल करावा लागतो. मांजराला टॉरिन नावाचा घटक आहारातून मिळावाच लागतो. तो कमी पडल्यास हृदय फुगून अशक्त होते, हे १९८७ साली सिद्ध झाले आणि तेव्हापासून तयार खाद्यांत टॉरिन पुरेसे घालतात. तो विकार वेगळा आहे आणि बऱ्याच अंशी सुधारतोही. मात्र वर्षानुवर्षे भात अधिक आणि मासळी नावाला असा आहार असेल तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे. मासळी उकडताना टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून उकडलेला बांगडा देताना त्याचे पाणीही त्यात कालवावे. हुमणातली, म्हणजे कालवणातली, मासळी धुऊन दिली तरी कांद्या-लसणाचा अंश राहतो, आणि तो मांजराला विषारी आहे.

खारवलेले सुके बांगडे आणि सुकी सुंगटे (कोळंबी) मात्र पूर्ण बंद. आमच्याकडे हेच सर्वांत कठीण गेले, कारण पावसाळ्याचे पुरुमेंत (साठवणीचे जिन्नस) भरलेला डबा उघडला की उंडो माळ्यावरून खाली येतो, आणि आईच्या मते एका सुंगटाने काही होत नाही. शेवटी डबा लॉफ्टवर गेला. मीठ कमी करण्यापेक्षाही मांजराने पोटभर खाणे महत्त्वाचे असते. आजार वाढल्यावर वजन आणि स्नायू उतरतात, आणि नावडते पथ्याचे खाद्य समोर ठेवून त्याला उपाशी ठेवण्यात काही अर्थ नाही.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले तर काय सांगावे?

दारातच, इतर काही बोलण्याआधी, हृदयविकार आहे असे सांगावे आणि अहवालाची प्रत दाखवावी. एका सुट्टीच्या दिवशी उंडो जेवेना म्हणून आम्ही त्याला दुसऱ्या ठिकाणी नेले. गर्दी होती, आम्हीही आजार सांगायला उशीर केला, आणि अशक्तपणावर म्हणून सलाईन लावले गेले. त्या रात्री त्याचा श्वास ४४ वर गेला. ताठ झालेल्या हृदयाला अचानक आलेले जास्तीचे पाणी पेलत नाही. खाज किंवा ॲलर्जीवर दिले जाणारे दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइडचे इंजेक्शनही काही मांजरांत हृदय निकामी होण्याला निमित्त ठरते. या दोन्ही गोष्टी कधी गरजेच्या असतातच, पण त्या हृदयाचा विचार करून ठरवल्या जाव्यात. माणसांचे पॅरासिटामॉल मांजराला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. ते जीवघेणे आहे.

नसबंदी, लसी आणि पिल्लांचे काय?

लसी चालू ठेवाव्यात. नसबंदी इकोनंतर, टप्पा पाहून, भुलीची औषधे त्याप्रमाणे निवडून करता येते. उंडोची चार महिन्यांनी झाली. अशा मांजराची पिल्ले मात्र होऊ देऊ नयेत. त्याची सख्खी भावंडे कुणाकडे दिली असतील तर त्या घरांना कळवावे.

त्याला खेळू द्यावे का? बाहेर सोडावे का? घरातल्या दुसऱ्या मांजराला लागण होईल का?

लागण होत नाही. खेळू द्यावे, दमले की ते स्वतःच थांबते. बाहेर सोडण्याबाबत आमचे घरात एकमत नाही. गोळीच्या वेळेला ते घरात असले पाहिजे आणि गावातली कुत्री त्याच्या मागे लागता कामा नयेत, एवढ्यावर आम्ही तडजोड केली आहे.

गोव्यातला उन्हाळा आणि सणांचा गोंगाट सोसेल का?

एप्रिल-मेमधल्या दमट दुपारी पंखा, ओल्या फडक्याने पुसलेली थंड लादी आणि दोन-तीन ठिकाणी पाणी एवढे पुरते. उकाड्याने धापा टाकते असे समजून सोडून देऊ नये. तोंड उघडे ठेवून श्वास घेणारे मांजर, विशेषतः हृदयाचे, लगेच दाखवावे. चवथीचे फटाके आणि नरकासुराच्या रात्री पहाटेपर्यंत चालणारे स्पीकर यांचा त्रास अधिक. त्या रात्री आम्ही उंडोला मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत ठेवतो, लाकडी पेटीत जुनी गोधडी घालतो आणि त्याला तेथे हवे तेवढे लपू देतो. दवाखान्यात जाण्याआधी किंवा अशा रात्रीसाठी गॅबापेन्टिनसारखे शांत करणारे औषध डॉक्टर लिहून देऊ शकतात. मागायला संकोच वाटू देऊ नये.

तातडीची वेळ कशी ओळखावी?

तोंड उघडून श्वास, पोट आत-बाहेर ओढत घेतलेला श्वास, निळसर किंवा पांढुरक्या हिरड्या, अचानक कोसळणे. यांपैकी काहीही दिसले की मोजत बसू नये, निघावे. दुसरे चित्र गुठळीचे: मांजर एकाएकी किंचाळते आणि मागचे पाय ओढू लागते, ते पाय हाताला गार लागतात, तळव्यांच्या गाद्या फिकट किंवा निळसर दिसतात. पुष्कळ घरांत याला साप चावला किंवा पाय मोडला असे समजून तासभर जातो. पाय चोळू नयेत, शेकू नयेत. वेदना फार असतात आणि पहिली गरज वेदनाशामकाची असते. दोन्ही पाय गेले असतील तर परिणाम बहुधा वाईट असतो, एकाच पायाला फटका असेल तर आशा अधिक.

रात्री ऑक्सिजन कुठे मिळतो, हे आजच फोन करून विचारून ठेवावे. दिवाडी बेटासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी शेवटच्या फेरीबोटीची वेळ त्याच कागदावर लिहावी. नेताना मांजर मांडीवर घेऊ नये. टोपलीत, झाकून, शक्य तितक्या शांतपणे न्यावे.

निरोप देण्याची वेळ कधी आली असे समजावे?

औषधे वाढवूनही पाणी पुन्हा पुन्हा साचत असेल, मांजर खाणे सोडून कोपऱ्यात मान ताठ करून बसून राहत असेल आणि आडवे होऊन झोपणे त्याला जमत नसेल, तर डॉक्टरांशी दयामरणाविषयी बोलावे. हे बोलणे आधीच, बऱ्या दिवसात करून ठेवले तर सोपे जाते. आमच्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहिलेल्या आहेत: कोणत्या अवस्थेपर्यंत प्रयत्न करायचे आणि कुणाला फोन करायचा. पुढच्या पानावर आजचा आकडा २० आहे.